ढोल उशिरा येतो

"ढोल उशिरा येतो. हे अडाणीपण ऐकवत नाही."

मुंबईच्या पेपरात माझ्या जॅझ अल्बमवर आलेल्या परीक्षणातलं हे वाक्य. गावच्या वाचनालयात माझा सत्कार होता आणि अध्यक्षांनी ते माइकवर दोनदा वाचलं. शाल माझ्या खांद्यावर. ढोल वाजवणारा माझा बाप शेवटच्या रांगेत. "देवळात चालतं हो, पण रेकॉर्डवर?" अध्यक्ष म्हणाले. लोक हसले.

बाहेर चपला शोधत बाप म्हणाला, "माजा चुकला काय गो?"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. चार वर्षं खपून केलेला अल्बम. माझा सॅक्सोफोन, मुंबईच्या मित्राचा पियानो, बापाचा ढोल. समीक्षकाने पियानोचं भरभरून कौतुक केलं, मला 'धाडसी' म्हटलं आणि बापाला अडाणी. ढोल उशिरा का येतो, एवढं विचारायला एक फोन पुरला असता.

आम्ही देवळाचे ढोलवाले. पण पायऱ्यांच्या खाली. आत आरती कधी सुरू होते, बापाला कधी दिसलंच नाही. आतली घंटा ऐकू आली की मग त्याचा हात पडतो. तेवढा उशीर. आजोबांचाही तेवढाच. लहानपणी मी झांज घेऊन शेजारी असायचे. एकदा आत बघायला पायरी चढले, तर याच अध्यक्षांनी दंडाला धरून खाली ओढलं. "खंय चढतस गो? तुजी जागा खाली." बापाने ढोल थांबवला नाही. त्याचा राग मी वर्षानुवर्षं बापावरच काढला.

अल्बममध्ये तो उशीर मी मुद्दाम ठेवलाय. सॅक्सोफोन थांबतो, ढोलाची वाट बघतो.

आमच्या वाडीकडे परतताना एसटीत होतो तेव्हा पियानोवाल्याचा फोन आला. "पुरस्काराला पाठवायच्या आधी ढोल वेळेवर आणू. कॉम्प्युटरवर दहा मिनिटांचं काम. नाहीतर पुरस्कार विसर."

"एक ठोकाही हलवलास तर अल्बमवरून माझं नाव काढ," मी म्हणाले. त्याचा फोन ठेवला. मग मी अध्यक्षांना फोन लावला; देवस्थानही त्यांच्याच हातात. जत्रेला बाप वर, आरती दिसेल तिथे उभा राहून वाजवेल. नाहीतर यंदा ढोल नाही.

बाप घाबरला. "लोक काय म्हणतीत गो?"

"म्हणूदेत."

देवळात ढोल आला, तर आता वेळेवर येईल. अल्बममध्ये तो उशिराच येणार. किती पिढ्या खाली उभ्या होत्या, ते ऐकू दे सगळ्यांना.