ट्रेवरचे थेंब

रुपली पावरा द्राक्षं तोडायला नाशिककडे गेली आणि सात वर्षांनी वाईनची पारखी होऊन बसली. कशी, ते ऐका. तोडणी संपली की बाकीची टोळी सातपुड्याच्या पाड्यावर परतायची. ही तळघरातली पिंपं धुवायला मागं राहायची. धुता धुता वास घ्यायची. कोणतं पिंप बिघडायला लागलंय हे यंत्राआधी हिच्या नाकाला कळायचं. मग हिनं पुस्तकं मागून घेतली, इंग्रजी शब्द एकेक करून चावून खाल्ले, दोन परीक्षा पास केल्या. फुकट मिळालेलं त्यात काही नाही.

एकच खोड सुटेना. घोट घेण्याआधी हात आपसूक वाकायचा आणि दोन थेंब जमिनीवर पडायचे. पाड्यावर मोहाची दारू आधी मातीला, पितरांची नावं घेऊन. मग माणसाच्या तोंडात. बाप दिवल्या तसाच प्यायचा, त्याचा बापही. वाईन कंपनीच्या नवीन साहेबांनी त्यापायी सरावाच्या चाचण्यांत दोनदा तिचे गुण कापले. "सांडायची नसते, रुपली. देवळात आलोय का आपण?"

ती हात आवरायला शिकली.

आता जळगावच्या हॉटेलात शेवटची चाचणी. पाहुण्यांना चव दाखवायची, रमवायचं. जमलं तर खानदेशात हेच काम करायची जागा तिची, नाही तर परत पिंपं. सराफ, डाळ मिलवाले, त्यांच्या बायका, असे वीस-पंचवीस जण. त्यातल्या छगनशेठनी पेला एका दमात रिकामा केला.

"शेठ, पाणपोई आहे का ही?" रुपली म्हणाली. "तोंडात धरा जरा. मेहरूणचं बोर आठवतंय? अर्धं कच्चं?"

शेठनी डोळे मिटले. "आयला! हो की!"

हशा पिकला. सगळेच पेल्यात बोरं शोधायला लागले. आपल्या जिभेवरची गंमत दुसऱ्याच्या जिभेवर ठेवता येते, याचंच तर तिला वेड होतं. हात शेवटपर्यंत सरळ राहिला.

तेवढ्यात शेठच्या सूनबाई, कामिनीताई, म्हणाल्या, "तुमच्यात पिण्याआधी काही विधी असतो ना? नावं घेऊन? दाखवा ना!"

मोबाइल वर आले. रुपलीनं साहेबांकडे पाहिलं. गुण कापणारा तोच माणूस हसून म्हणाला, "दाखव, दाखव. गालिच्यावर नको फक्त." आणि स्टीलचा ट्रे पुढं सरकवला.

नाही म्हणावं? म्हटलं की सात वर्षं पाण्यात. अक्कल शिकवणाऱ्यांनी आधी त्या थंड तळघरात सात हिवाळे पिंपं घासून यावं.

खोटीच नावं घेऊ, असं तिनं मनाशी ठरवलं. पेला वाकला आणि तोंडातून आजीचं नाव निघालं. मग आजोबाचं. थेंब ट्रेवर वाजले. टाळ्या पडल्या.

"पुन्हा एकदा करा हो," कुणीतरी म्हणालं, "नीट आलं नाही मोबाइलमध्ये."

तिनं पुन्हा केलं.

"जागा तुझी," साहेब म्हणाले. "दर शनिवारी. आणि शेवट यानंच करायचा."

बाहेर रिक्षांच्या कलकलाटात तिनं बापाला फोन लावला.

"मिळाली का गं?"

"मिळाली, बा."

दिवल्या साऱ्या पाड्याला ओरडून सांगत सुटला. मग धापा टाकत परत फोनवर आला. "येताना एक बाटली आण. आजीच्या नावानं आधी मातीला देऊ, मग आपण चाखू."

रुपलीनं खांद्यावरच्या पिशवीतली उरलेली बाटली चाचपली.

"बाटल्या बाहेर नेऊ देत नाहीत, बा," ती म्हणाली.