तो रेझिस्टर विनयचा होता

माझ्या नवऱ्याला जाऊन आज वर्ष झालं, आणि त्याच्या चोराने सकाळीच त्याचा फोटो टाकलाय.

खाली लिहिलंय, “हेडफोनचं काम ज्याला मी हाताला धरून शिकवलं, तो माझा मित्र विनय.”

हाताला धरून!

अरे किरण, तुला सोल्डरिंग आयर्न कुठून धरायचं तेही माहीत नव्हतं. आमच्या अंबरपेठच्या घरात पहिल्याच दिवशी बोटं भाजून घेतलीस. बर्फ मी आणून दिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विनयची नोकरी इन्शुरन्स ऑफिसात, पण जीव हेडफोनमध्ये. जुमेरात बाजारातून मोडके सेट उचलून आणायचा. उघडायचा, आत कापूस भरायचा, जुनी केबल काढून नवी टाकायचा.

नव्या केबलसाठी चार तारांची वेणी घालावी लागते. ती मी घालायचे, कारण त्याची सैल पडायची. खिडकीच्या गजाला टोक बांधून मी विणत बसायचे आणि हा शेजारी उभा राहून, “घट्ट नक्को, घट्ट नक्को.”

फार डोकं फिरायचं माझं. आता वाटतं, बोल रे बाबा, काय बोलायचं ते बोल.

मित्रांचे सेट तो हौसेने करून द्यायचा. किरण त्यातलाच. “वहिनी, चहा टाका,” म्हणतच घरात शिरायचा.

विनय अंथरुणाला खिळला तेव्हा हा भेटायला आला. निघताना मला म्हणाला, “वहिनी, विनयचा स्वतःचा सेट नेऊ का? नुसतं ऐकतो आणि आणून देतो.”

आणून दिला. पण सगळ्या स्क्रूंवर ताजे ओरखडे होते.

मग थोड्याच दिवसांत किरणचा व्हिडिओ आला. मलकपेठेत साहेबांचं दुकान, स्वतःचा ब्रँड. “ही माझी स्वतःची रिसर्च आहे. उजव्या बाजूच्या वायरमध्ये एक सीक्रेट पार्ट आहे. आमच्या साउंडची जादू त्याच्यातच.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन तसाच विनयसमोर धरला.

तो हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

“अगं, येड्यानं माझाच सेट कॉपी केलाय!”

“मग हसायलास काय? भांड की त्याच्याशी!”

“नक्को. विकू दे त्याला. आणि माझ्या कानाचं कुणाला सांगू नक्को.”

आज सांगते. विनय, रागाव हवं तर.

विनयला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. लहानपणी कान फुटायचा, तेव्हापासूनचं. हेडफोन बनवणारा आणि कानाने अधू, लोक हसतील म्हणून त्याने ते जन्मभर लपवलं. मित्रांचा सेट झाला की आधी माझ्या कानाला लावायचा. “मधोमध वाजायलंय का?” मी हो म्हटल्याशिवाय तो सेट घराबाहेर जायचा नाही.

फक्त त्याच्या स्वतःच्या सेटमध्ये उजव्या बाजूला एक छोटा रेझिस्टर होता. त्या बाजूचा आवाज दाबण्यासाठी. म्हणजे त्याच्या दोन्ही कानांना सारखं ऐकू यावं.

किरणला वाटलं, उस्तादाचा स्वतःचा सेट म्हणजे सगळ्यात भारी. तोच उघडून जसाच्या तसा उतरवला. विनयच्या अधू कानासाठी केलेली सोय हा गावभर विकत सुटला.

लोक रिव्ह्यूमध्ये लिहितात, “गाणारा डावीकडे उभा आहे असं वाटतं.” हा उत्तर देतो, “तीच आमची खासियत. कान तयार व्हावा लागतो.”

वर्षभर ती उत्तरं वाचून मी पोटभर हसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. त्याचं हसं होतंय आणि त्याला पत्ताच नाही, यातच मी खूश होते.

पण “मी शिकवलं”? नाही. विनयचं काम नेलंस, आता त्याचं नावही पुसतोस?

संध्याकाळी घरी पुण्यानुमोदन आहे. भंतेजी मैत्रीभावनेवर बोलतील, वैऱ्याचंही भलं चिंता म्हणतील. मी हात जोडून ऐकेन. पण किरणला माफ करणार नाही.

किरण, तूही ये. विनयचा सेट उघडून फोटोशेजारी ठेवतेय. सगळ्यांसमोर सांग, तो पार्ट उजवीकडेच का. मग तुझ्या गिऱ्हाइकांना सांग.

खूप जण म्हणाले, हा सेट एका बाजूने कमी वाजतो, दुरुस्त करून घ्या, वापरता येईल. मला नाही करायचा. रात्रीची कामं आवरली की मी तो लावते. गाणं डावीकडून येतं. विनयला हेच मधोमध ऐकू यायचं.

मी डोळे मिटून बसते आणि ते मधोमध आहे असं समजते.

विनय, तुला मनापासून आदरांजली.

तुझं गुपित फोडलं. नाव मात्र कुणाला नेऊ दिलं नाही.