पेनड्राइव्हमधली डबलबारी

माझी नात लोकांच्या कॉम्प्युटरात शिरायचे पैसे घेते. हे मी आमच्या कट्टा गावच्या बाजारात मोठ्याने सांगतो आणि ऐकणाऱ्याचं तोंड बघत उभा राहतो. शिरते ती विचारून. मालकाने सहीचा कागद दिला तरच; नाहीतर ती कोणाच्या मोबाईललाही बोट लावत नाही. आत शिरून मालकाला दाखवते की बाबा रे, चोर आला तर इथून येईल, इथे कडी घाल. याला एथिकल हॅकिंग म्हणतात. मी चौथीत मास्तरांशी भांडून शाळा सोडली ती सोडलीच, पण हे मला एका बैठकीत कळलं. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या जावयाला, अजून पुरतं कळलेलं नाही.

पुण्याची नोकरी सोडून ती आली आणि दोन मैत्रिणींना घेऊन माझ्या घराच्या माळ्यावर तिने कंपनी काढली. काजूच्या गोणी मी खाली हलवल्या. जावयाने तिला मुदत घातली होती. आंब्याचा हंगाम संपायच्या आत एक कायमचं काम मिळव, नाहीतर पुण्याची नोकरी परत धर.

काम मिळण्यासारखी जागा एकच होती. देवगडची एक बागायतदारांची सोसायटी वेबसाइटवर ऑर्डरी घेऊन मुंबईला पेट्या पाठवायची. अध्यक्षांनी तपासणीच्या कागदावर हसत हसत सही केली. "वेबसाइट बघा, ऑफिस बघा. केव्हाही या, कसेही या," म्हणाले आणि तसं कागदावर लिहूनही दिलं. "पण आमच्याकडे चोर खंयसून येतलो? दारात इलेल्या माणसाची सात पिढ्या आमका ठावक."

पोरींनी वेबसाइट उलटीपालटी करून बघितली. ती पक्की निघाली. असा रिपोर्ट नेला असता तर अध्यक्ष म्हणाले असते, बघा, तुमची गरजच नाही. नात माळ्यावरून उतरली आणि न जेवता पडवीत बसली.

मी म्हटलं, "वेबसाइट पक्की, तर ऑफिसात शिरा. माणसां पक्की आसत काय?"

"तेच राहिलंय आजोबा. पण आम्ही तिघी गेलो तर लगेच ओळखतील."

"मगे मी जातंय."

"तुम्ही? आणि काय करणार?"

"गो चेडवा, तुझ्या कागदावर 'कसेही या' लिवलला हा मा? मी एसटीन जातलंय."

ती हसली, मग हसायची थांबली. माझं नाव कामावरच्या माणसांत लिहून घेतलं आणि एक पेनड्राइव्ह काढला. त्यात एक फाईल असणार. ती उघडली की ज्या कॉम्प्युटरवर उघडली तो आमच्या माळ्यावर कळवणार, मी इथे आहे. कशाला हात लावणार नाही, काही नेणार नाही. मी अट घातली, "मी खोटा बोलूचंय नाय. भजन हा म्हणून सांगितलंय तर भजन वाजाक व्हया."

आमच्या वाडीचा मी भजनी बुवा आहे. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला गाण्यातच उत्तर द्यायचं. देवगडच्या एका बुवाला मी एका जत्रेत गप्प केलं होतं, त्याचं रेकॉर्डिंग कोणीतरी करून ठेवलेलं. तेच त्या फाईलीत घालायला लावलं. देवगडकरासमोर आंबे ठेवले तर तो कदाचित बघणार नाही, पण आपला बुवा हरला की जिंकला हे ऐकल्याशिवाय तो उठणार नाही. हे मला कोणी शिकवावं लागत नाही.

पांढरी टोपी घालून मी सोसायटीच्या ऑफिसात शिरलो. तिथला क्लार्क उठून उभा राहिला.

"खंयचे तुमी?"

"कट्ट्याचो."

"कट्ट्याचे? माझी मावशी थंयच दिलेली आसा!"

मावशीचं घर कुठलं, तिच्या दारातला फणस कसा, सगळं जुळलं. तिच्या सासऱ्याने माझ्यामागे टाळ धरलेले. झालं. खुर्ची आली, कोकमाचं सरबत आलं. का आलात हे कोणी विचारलंच नाही. मी पेनड्राइव्ह पुढे केला. "ह्येच्यात माझी बारी हा. तुमच्या बुवावांगडा झालेली. वाजता काय बघ रे."

तो पेनड्राइव्ह लावणार एवढ्यात आतून अध्यक्ष आले. "खंयच्या बुवावांगडा?" बुवाचं नाव सांगितलं तसा त्यांचा चेहराच बदलला. "अरे, तो आमच्या वाडीचो! ह्या डब्याचो आवाज बारीक. हाड हयसर, माझ्या कॉम्प्युटराक मोठे स्पीकर आसत."

पेनड्राइव्ह आपल्या खोलीत नेऊन त्यांनी आपल्या हाताने लावला, आपल्या हाताने फाईल उघडली. पखवाज सुरू झाला आणि सगळं ऑफिस त्यांच्या खोलीत जमलं. अध्यक्ष टेबलावर ताल धरत होते. त्यांचा बुवा गप्प झाला तिथे ते "छ्या!" म्हणाले आणि पुन्हा लावलं. तिकडे माळ्यावर पोरी उड्या मारत होत्या.

रिपोर्टाच्या बैठकीला मी नातीबरोबर गेलो. टोपी तीच. मला बघून अध्यक्षांचा हात कपाळाला गेला. नातीने शांतपणे सांगितलं की ऑफिसच्या एका कॉम्प्युटरातून सगळ्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते उघडे पडले असते. कमिटीतला एक बागायतदार तडकला. "कोणी आत घेतलं? नाव सांगा. त्याला आजच घरी बसवू."

क्लार्क दाराशी उभा होता. मला पहिल्यांदा आत घेतलं होतं ते त्यानेच.

"आम्ही नाव लिहीत नाही," नात म्हणाली. "तो आमचा नियम आहे."

"मग तुमचं कामही आम्हाला नको."

हंगाम संपत आला होता. काम जात होतं आणि माझ्या जिभेवर नाव होतं. मी तोंड उघडलं तसा नातीने टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. मी आयुष्यात कोणाचं ऐकून गप्प बसलेलो नाही. तिचं ऐकून बसलो.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "घरी बसवा मग माकाच," ते म्हणाले. "ता मीच लावलंय. दोनदा."

कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले. नाव न फोडणारी पोर आपली माहिती बाहेर फोडणार नाही, असं तोच तडकलेला बागायतदार म्हणाला. वर्षभराच्या राखणीचा कागद त्याच बैठकीत झाला. जावयाला फोन मी केला. "पुण्याची नोकरी आता तूच धर," एवढंच म्हटलं.

नातीने ऑफिससाठी नियम लिहिले. बाहेरच्या माणसाचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, हा पहिला. मी भांडून त्याच्या वर एक घालायला लावला: आलेल्याला खुर्ची आणि सरबत द्यायचं.

पुढे तिने मला पुन्हा पाठवलं, नियम पाळतात का ते बघायला. खुर्ची मिळाली, सरबत मिळालं, मावशीची खुशाली झाली. मी पेनड्राइव्ह पुढे केला. क्लार्कने हात मागे घेतले.

"आजोबानू, ता नको. तुमीच म्हणा."

मी टोपी सारखी केली आणि गायलो.