न वाळलेलं विमान

तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्टवाल्यांना शिंपी खरंच ओळखत होता का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला छातीठोकपणे हो म्हणता आलं नसतं. एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर दोघं म्हातारे झाले. शिंप्याचं दुकान तळमजल्यावर आणि दुकानामागच्या खोलीत त्याचं एकट्याचं बिऱ्हाड. लिफ्टवाल्यांच्या कोटाचं माप त्याला तोंडपाठ होतं, त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित उतरता आहे हेही ठाऊक होतं. पण त्यांना बायको होती का, असली तर कधी गेली, हे त्याला माहीत नव्हतं. सुरुवातीला विचारायचं राहून गेलं, आणि पुढे इतकी वर्षं उलटली की विचारणंच विचित्र दिसलं असतं.

लिफ्टवाले म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. उभं आयुष्य त्यांनी उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत, तारा आणि ग्रीस यांच्या सोबतीनं काढलं. त्यांच्या स्वतःच्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. त्यावरून कुणी चिडवलं की म्हणायचे, "बरंच आहे. असती तर तुम्ही मला झोपू दिलं नसतं."

नोकरी संपल्यावर ते विमानं करू लागले. करू लागले म्हणण्यापेक्षा, तरुणपणी सोडलेलं काम त्यांनी पुन्हा हातात घेतलं. बोटानं दाबलं तर खळगा पडेल अशा हलक्या लाकडाचा सांगाडा, वर कापड, नाकाशी मुठीएवढं इंजिन. पंखातून दोन लांब बारीक तारा निघायच्या. उडवणारा मैदानाच्या मध्ये त्या तारांची मूठ धरून उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरतं. त्याच्याबरोबर त्यालाही फिरावं लागतं. दुसऱ्या माणसानं लांब तिकडे विमान धरून ठेवायचं आणि इंजिनानं जोर घेतला की सोडायचं. म्हणजे या कामाला माणसं दोन लागतात. लिफ्टवाल्यांकडे विमानं सात-आठ होती, दुसरा माणूस नव्हता. विमानं खोलीच्या छताला टांगलेली असत आणि खिडकी उघडली की सगळी एकदम हळूच मान वळवत.

त्यांचा खरा जीव रंगात होता. साध्या रंगाला इंजिनाचं तेल खाऊन टाकतं, म्हणून ते इपॉक्सी वापरत. साध्या रंगाचा डबा उघडावा, लागेल तेवढा घ्यावा, झाकण लावावं, विषय संपला. याचे नखरे फार. याचे डबे दोन. एकात रंग, दुसऱ्यात त्याला घट्ट करणारं औषध. दोन्ही सारखं घ्यायचं, मिसळायचं, थोडं मुरू द्यायचं आणि मग पातळ थर द्यायचा. एकदा मिसळलं की मागे फिरायची सोय नाही. काही तासांत वाटीत दगड होतो. अगदी थोडं मिसळायला गेलं तर माप चुकतं, म्हणून ते नेहमी जरा जास्तच मिसळत आणि उरलेलं टाकून द्यायला त्यांचा हात धजत नसे. मग ते वाटी आणि ब्रश घेऊन जिना उतरत.

"मास्तर, काही आहे का रंगवायला? लवकर सांगा, हा थांबणार नाही."

शिंपी गडबडून हाताशी येईल ते पुढे करी. खडूची पेटी, लाकडी पट्टी, स्टुलाचा पाय. अशा रीतीनं इमारतीतल्या निम्म्या वस्तू विमानाच्या रंगाच्या झाल्या होत्या. टपालाच्या पेट्या लाल, जिन्याचा कठडा पहिल्या वळणापर्यंत पिवळा आणि पुढे रंग संपल्यामुळे तसाच. पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाई एकदा म्हणाल्या, "लिफ्टवाले, आता मलाच रंगवायचं राहिलंय."

"आज संपला," लिफ्टवाले वाटी उलटी करून म्हणाले. "पुढच्या विमानाला तुमचा नंबर."

त्यांनी डबे मिसळले की तळमजल्यावर शिंप्याला कळायचं. त्या औषधाला एक उग्र, नाकात शिरून डोळ्यांत पाणी आणणारा वास होता. तो जिन्यातून खाली यायचा आणि कापडांच्या गठ्ठ्यांत रेंगाळायचा. खुद्द लिफ्टवाल्यांना तो येत नसे. ग्रीस आणि तारांच्या धुळीत त्यांचं नाक केव्हाच निकामी झालं होतं. "माझं नाक फक्त चष्मा ठेवायला आहे," असं ते म्हणत.

त्यांना एक धाकटा भाऊ होता, हे शिंप्याला कळलं तेच मुळी शेवटच्या वर्षी. लिफ्टवाले पंखांसाठी अस्तराचं रेशीम मागायला आले होते. शिंप्यानं तुकडा उजेडात धरून दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत चुरगळून पाहिला आणि कुणी विचारलेलं नसताना बोलू लागले. पूर्वी विमान ते करायचे आणि उडवायचा धाकटा. धाकट्याचा हात असा होता की बघणारे श्वास रोखून धरत. एकदा त्यानं नवंकोरं विमान नाकावर जमिनीत आदळवलं. लिफ्टवाले चार लोकांदेखत त्याला बोलले, "तुला काय, तू नुसता उडवतोस." धाकट्यानं तारांची मूठ गवतावर ठेवली आणि घरी निघून गेला. पुढे तो दुसऱ्या गावी गेला, त्याचा संसार झाला. भांडण असं नव्हतं. फोन होत. तब्येत कशी आहे, हवा कशी आहे. पण विमानाचा विषय दोघांनी पुन्हा काढला नाही.

"रेशीम घ्या तुम्ही," शिंपी म्हणाला.

विमान तयार होत आलं. लाल रंग झाला, पंखांच्या टोकांना पांढरा पट्टा झाला. राहिला होता तो शेवटचा, काचेसारखा पारदर्शक थर. आणि मग एका सकाळी लिफ्टवाले जिना अक्षरशः धडधडत उतरून दुकानात आले.

"धाकट्याचा फोन होता. रविवारी येतोय. लेकीकडे चाललाय, मध्ये अर्धा दिवस उतरणार आहे. आणि मास्तर, तो स्वतःहून म्हणाला, दादा, एखादं विमान असेल तर उडवू."

"वा," शिंपी म्हणाला.

"रविवारपर्यंत आरामात वाळेल. आज हात मारतो आणि मोकळा होतो."

त्या दिवशी वाटी खाली आली नाही. शिंप्याला वाटलं, या खेपेला माप बरोबर बसलं असेल. लिफ्टवाल्यांना असं हरखलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. काहीतरी आपणही करावं म्हणून त्यानं उरलेल्या तुकड्यांतून विमानाला एक खोळ शिवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाले म्हणाले, हवा दमट आहे, वेळ लागतोय. त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी टेबलाचा दिवा जवळ ओढला. मग शेजाऱ्याचा हीटर मागून आणला. जिन्यात भेटले की विचारण्याआधीच सांगत, "वाळेल, वाळेल. थर घट्ट व्हायला लागलाय." पण त्यांच्या बोटाच्या टोकाला चकाकणारा चिकटा असे आणि तो ते नकळत अंगठ्यावर चोळत राहत.

रविवारी धाकटा आला. त्यानं दुकानातच पत्ता विचारला. गोल, हसरा, टकलावरून सारखा हात फिरवणारा माणूस. शिंप्यानं शिवलेली खोळ काखेत मारली आणि त्याला वर घेऊन गेला. लिफ्टवाले दारातच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. दोघं भाऊ एकमेकांसमोर आले आणि हात कुठे ठेवावेत ते दोघांनाही कळेना.

"उंची कमी झाली रे तुझी, दादा."

"तुझी पोटात गेली वाटतं."

मग धाकटा टेबलाकडे वळला. विमान तिथे पंख पसरून होतं, लालभडक, ओलं दिसणारं. त्यानं वाकून पंखांची टोकं न्याहाळली.

"हे तू केलंस?"

"हात लावू नकोस. वाळलं नाही अजून."

"मग काय झालं? उडवू की तसंच. फार तर चार माशा चिकटतील. फुकटचे प्रवासी."

"तेल उडेल त्यावर. धूळ बसेल. थर खराब होईल."

"होऊ दे रे. मला संध्याकाळची गाडी आहे."

"अर्धवट विमान मी कुणाच्या हातात देत नाही," लिफ्टवाले म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तरी खोलीतलं हसू गेलं.

धाकट्यानं टकलावरून हात फिरवला. "बरं," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं चहा घेतला, नातवाचे फोटो दाखवले, टांगलेल्या विमानांखाली मान वाकवून एक चक्कर मारली. गाडीला वेळ असतानाच तो निघाला. शिंपी खोळ मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसून होता. मधेच उठून जावं तर कसं, हे त्याला समजत नव्हतं.

धाकटा गेल्यावर लिफ्टवाले खुर्चीत बसले आणि विमानाकडे पाहत राहिले. तेव्हा शिंप्यानं चार दिवस मनात घोळत असलेली गोष्ट बोलून टाकली. आपल्याला त्यातलं काय कळतं, या भीतीनं तो ती बोलला नव्हता.

"या वेळी वास आला नाही."

"कसला?"

"तुमच्या औषधाचा. खाली येतो ना नेहमी. या वेळी आलाच नाही."

लिफ्टवाले उठले. कपाटातून त्यांनी दोन सारख्या बाटल्या काढल्या. मोठ्या डब्यांतला माल ते वापरण्याआधी अशा बाटल्यांत भरून ठेवत. त्यांनी एक बाटली शिंप्याच्या नाकाखाली धरली. मग दुसरी. दोन्हींना सारखाच, मंद, गोडसर वास होता. पारदर्शक थराचे दोन्ही भाग दिसायला एकसारखे, मधासारखे. लाल रंग असता तर डोळ्यांनीच कळलं असतं.

"एक भरली," लिफ्टवाले सावकाश म्हणाले, "आणि त्याचा फोन आला. परत येऊन त्याच डब्यातून दुसरी भरली. औषध पडलंच नाही." मग स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाले, "हे जन्मात वाळलं नसतं, मास्तर. मी हीटर काय लावत बसलो."

शिंपी खाली जाऊन चिंध्यांचं पोतं घेऊन आला. सुती, धुतलेल्या, धागे न सुटणाऱ्या चिंध्या त्यानं निवडून काढल्या. दोघांनी थिनरमध्ये बुडवून तो चिकटा पुसायला घेतला. एक पंख एकानं, एक दुसऱ्यानं. लाल रंग खाली शाबूत होता. शेपटीच्या सांध्यांतला चिकटा निघेना तेव्हा शिंप्यानं काडीला चिंधी गुंडाळून काढला. मधेच शिंपी म्हणाला, "मैदानात विमान धरायलाच कुणी लागत असेल तर मी धरू शकेन."

लिफ्टवाल्यांनी पुसणं थांबवलं नाही. "तुम्ही धराल हो. पण उडवायचं कुणी? मी आजवर मूठ हातात घेतलेली नाही. ते त्याचंच काम."

शिंप्यानं मान हलवली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

दोन दिवसांनी जिन्यात तो वास आला. शिंपी मशीन थांबवून दारात गेला आणि चांगला दोन-तीन वेळा श्वास भरून घेतला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नर्सबाईंनी वरून विचारलं, "मास्तर, बरं आहे ना?" तो म्हणाला, "उत्तम आहे."

थरावर नख उमटेनासं झालं तसं लिफ्टवाल्यांनी ठरवलं की विमान आपणच धाकट्याकडे घेऊन जायचं. फोन केला नाही. "केला तर तो म्हणेल कशाला त्रास," असं त्यांचं म्हणणं.

ते परत आले नाहीत. महिनाभरानं धाकटा खोली रिकामी करायला आला, तो सरळ दुकानात येऊन स्टुलावर बसला. दादा आठ दिवस राहिला, म्हणाला. नवव्या सकाळी उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. शिंपी हातातल्या कापडाची घडी करत राहिला. घडी झाल्यावर ती उलगडून त्यानं पुन्हा केली.

"उडवलं का?" त्यानं विचारलं.

"उडवलं ना. शाळेमागच्या मैदानात. त्यानं धरलं, मी मध्ये. माझा हात थरथरतो आता, तरी गेलं सुरेख. मग मी म्हटलं, दादा, ये, आता तू घे. नको नको म्हणत आला. दोन फेऱ्या झाल्या आणि चक्कर येऊन बसलाच गवतात." धाकट्यानं डोक्यावरून हात फिरवला. "पण त्याआधी विमान नीट उतरवलं हां त्यानं. ओरखडा नाही."

आणखी बरंच विचारता आलं असतं. त्यांच्या बायकोबद्दल, लहानपणाबद्दल. समोर बसलेल्या माणसाला सगळं ठाऊक असणार होतं. शिंप्यानं त्याला खोके बांधायला सुतळी दिली आणि वरच्या खोलीतली विमानं उतरवताना शिडी धरली.

लिफ्टवाले विमान घेऊन निघाले होते, त्या सकाळी शिंपी दुकान उघडत होता. ते जिन्यावरून एकेक पायरी चाचपत उतरत होते, खोळीतलं विमान दोन्ही हातांवर आडवं धरून, बॅग खांद्याला. शिंप्यानं रस्त्यावरचं दार उघडून धरलं. पंख तिरके करून ते बाहेर पडले, फुटपाथवर थांबले आणि मान वळवून म्हणाले,

"दूधवाल्याला सांगाल का, चार दिवस नको म्हणून?"

"सांगतो. एक लिटर ना तुमचं?"

"छे हो. अर्धाच."

"बरं."