साडेपाच तास पुढचं घड्याळ

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली प्रतिक्रियांमध्ये कुणी मला विज्ञान शिकवायला नको. भूतखेत, करणी, भविष्य... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. नातेवाइकांत मी ओवाळून टाकलेला नास्तिक. पण त्यांच्यापैकी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की सगळ्यांना पहिली आठवण माझीच होते, तेव्हा नास्तिकपणा चालतो.

मी हिंगोलीला एका खाजगी ऑफिसात कामाला आहे. माझे मामा शिरड शहापूरला असतात. पूजाअर्चा, पत्रिका, मुहूर्त — पिढीजात तेच. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी त्यांच्याकडेच काढल्या, त्यामुळे कुंडलीतली बारा घरं मला आजही पाठ आहेत. विश्वास नाही, पण पाठ आहेत. मामांचं गावात नाव आहे ते स्पष्ट बोलण्याबद्दल. म्हणजे लोक त्याला स्पष्ट म्हणतात. मी इतकी वर्षं बघतोय, वाईट बातमी सांगताना त्यांचा चेहरा खुलतो. कुणाचं लग्न मोडणार असेल तर ते आधी सावकाश पान लावतात आणि मग सांगतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "अनंता, कॉम्प्युटर लई रडतोय. येऊन बघ. पण माझं जुनं काही हलवायचं नाही, सगळ्या गावाच्या पत्रिका आहेत त्यात."

जुनं हलवायचं नाही आणि मशीन तर पळायला पाहिजे... मग एकच उपाय होता. जुनं विंडोज होतं तसं ठेवलं, हार्डडिस्कवर जागा मोकळी केली आणि शेजारी लिनक्स नावाची हलकी सिस्टीम टाकली. एका घरात दोन चुली. मशीन चालू केलं की विचारतं, कोणत्या चुलीवर स्वयंपाक? वरची ओळ नवी, खालची जुनी. नव्यात पत्रिकांचा एक फुकटातला प्रोग्राम बसवून दिला. मामा खूश झाले, म्हणजे काही बोलले नाहीत.

आता ज्यांनी असं केलंय त्यांना माहीत असेल, दोन सिस्टीम शेजारी ठेवल्या की घड्याळाची एक कटकट होते. मशीनच्या आत घड्याळ एकच. एक सिस्टीम समजते की त्यात आपली, भारताची वेळ आहे. दुसरी समजते की लंडनकडची आहे, आणि आपली वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवते. नेट असलं तर ते लगेच सुधारतं, नसलं की नव्या सिस्टीममध्ये दुपारच्या जेवणाला संध्याकाळ झालेली असते. हे मला माहीत होतं. म्हणून मी नव्या सिस्टीमला सांगून ठेवलं होतं की बाई, आतली वेळ आपलीच आहे, तू काही मिळवू नकोस. नेट काढून, दोन्हीकडून बंद-चालू करून तपासलं होतं. वेळ बरोबर येत होती. हे लक्षात ठेवा.

रात्री मी तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेट गेलं होतं, ते तिथं जातच असतं. अकराच्या सुमाराला पारुबाई आली. मेंढरंवाल्यांची बाई, गावाबाहेर त्यांची वस्ती आहे. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला. तिचा मुलगा विलास, बाविशीतला. त्याला मेंढरांमागं फिरायचं नव्हतं, पुण्याला कंपनीत जायचं होतं. त्यावरून घरात भांडण झालं, "जीव देतो" म्हणून निघून गेला तो दोन दिवस पत्ता नाही. फोन बंद. आजूबाजूच्या विहिरी पाहून झाल्या होत्या.

ती खाली फरशीवर बसली. म्हणाली, "म्हाराज, दरसाली मेंढराचं इचारते. आज लेकराचं इचारून राहिले. हाय का न्हाई, येवढंच सांगा."

अशा वेळी मामा प्रश्नकुंडली मांडतात. म्हणजे जन्मवेळ वगैरे काही नाही, माणसानं ज्या क्षणी प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली. पूर्वी पंचांग घेऊन पाऊण तास आकडेमोड चालायची. आता प्रोग्राममध्ये एक बटण आहे. दाबलं की कॉम्प्युटरच्या घड्याळातली वेळ उचलून कुंडली तयार. मामांनी बटण दाबलं. बघितलं. मग पान लावायला घेतलं.

"रवी आठव्यात," ते म्हणाले. "आठवं घर मृत्यूचं. बाकीचे ग्रहही तेच बोलतात. पारुबाई, आशा सोड. पोरगं आता नाही. उगाच देवऋषी करत हिंडू नको, दहाव्याच्या तयारीला लाग."

एवढं बोलून त्यांनी पान तोंडात घातलं. पारुबाई रडली नाही, ओरडली नाही. उठली, बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून ठेवली. मामी पाणी घेऊन गेल्या, तिनं घेतलं नाही.

मी स्क्रीनकडे बघत होतो. रवी आठव्यात? सकाळी अकराला? अहो, आठव्या घरातला रवी म्हणजे पश्चिमेला कललेला सूर्य. पोरवयात मामांनीच शिकवलेलं. बाहेर ऊन तर अजून माथ्यावरही आलं नव्हतं. कुंडलीच्या कोपऱ्यातली वेळ बघितली... चार सदतीस. साडेपाच तास पुढे!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. "मामा, ही कुंडली दुपारची आहे! घड्याळ चुकलंय!" मी हातानं वेळ दुरुस्त केली, पुन्हा बटण दाबलं. रवी अकराव्यात आला, लाभाच्या घरात. मामांनीही बघितलं. त्यांना सगळं समजलं, चेहऱ्यावर दिसलं ते. पण म्हणाले काय, "सांगितलं ते सांगितलं. आता उठून तिला काय सांगू, की मी चुकलो?"

"मी सांगतो," म्हटलं. आयुष्यभर भविष्याची टिंगल केलेला मी, कुंडलीचा निरोप घेऊन ओट्यावर धावलो. मावशी, मशीनची चूक होती, वेळ चुकली होती, आता नीट बघितलंय, तुमचा विलास सुखरूप आहे! तिनं ओट्याची कड सोडली. मग म्हणाली, "तुमच्या मायची शप्पथ घ्या."

मी घेतली. आईची शपथ. मुख्यतः मामांवरच्या रागानं घेतली असेल, पण घेतली.

तिच्या फोनची बॅटरी उतरलेली, म्हणून माझ्या फोनवरून विलासला लावला. आणि मंडळी, वाजला! दोन दिवस बंद असलेला फोन वाजला, आणि पलीकडून झोपेतला आवाज आला. पठ्ठ्या कळमनुरीला मित्राच्या खोलीवर लोळत पडला होता.

"मुडद्या!" पारुबाई एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "कुठं मेला व्हतास रं? इथं तुझी माय मराया टेकली!" आणि मग ती रडली, हसली, मामींच्या गळ्यात पडली. मी खिडकीतून मामांकडे बघितलं. ते पेपर वाचत होते.

"आत्ताच्या आत्ता निघ," ती त्याला म्हणाली. तो म्हणाला, लई ऊन हाय, सांच्याला येतो. "न्हाई. तुझं तोंड पाहिल्याबिगर मी पाणी पेणार न्हाई. हितंच बसून राहते." आणि ती खरंच बसली. दर अर्ध्या तासानं माझा फोन मागायची. जेवणं झाली, मामींनी ताट वाढलं, ती शिवली नाही. तीन वाजता मीच फोन हातात घेतला आणि म्हटलं, "बाबा विलास, निघ आता, नाहीतर तुझी माय आमच्या ओट्यावरच वस्ती करील."

तो हसला. "निघालो दादा. दोस्ताची गाडी घेतली. मायला म्हणा, भाकर टाक."

ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आला की संगंच जाते घरी.

त्यानंतर माझा फोन वाजला तेव्हा स्क्रीनवर त्याचाच नंबर होता. "आला वाटतं," मी म्हणालो, तर पारुबाईनं फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला. "आलास का रं?" पलीकडे कुणी अनोळखी माणूस होता. आवाज मोठा होता, मला शब्द न् शब्द ऐकू आला. "बाई, ह्या फोनमधी शेवटचा नंबर हाच दिसून राहिला. टिपरनं उडवलं पोराला. संपलं हितंच. तुमी कोण त्याच्या?"

त्या बाईचं पुढं काय झालं ते मी लिहिणार नाही. लिहिता येत नाही.

तिच्या दिराला बोलावलं, तो तिला घेऊन गेल्यावर मी आत गेलो. मामांनी सकाळची पहिली कुंडली सेव्ह केलेली होती, त्यांची सवय. तिच्यावर वेळ होती चार सदतीस. माझ्या फोनमध्ये तो कॉल आला होता त्याची वेळही तीच. मामा मागं येऊन उभे राहिले. मला वाटलं, खांद्यावर हात ठेवतील.

"बघितलंस?" ते म्हणाले. "माझं गणित बराबर होतं. नसती ढवळाढवळ केलीस."

आणि थोड्या वेळानं, चहा पिता पिता, "अनंता, ते घड्याळ पुन्हा तसं पुढं करता येतं का रे?"

मी त्या संध्याकाळी सेटिंग उघडून बघितलं. मी केलं होतं तसंच होतं, कुणी हात लावलेला नव्हता. नव्या सिस्टीमनं साडेपाच तास मिळवायचं काही कारणच नव्हतं. नेट काढून, जुन्यातून नव्यात, नव्यातून जुन्यात किती वेळा करून बघितलं, पण वेळ एकदाही चुकली नाही. घड्याळाचा आतला सेल उतरला असेल म्हणाल, तर तोही तपासला, ठणठणीत होता. पुढच्या खेपेला मी नवी सिस्टीम काढूनच टाकली. मामा महिनाभर बोलले नाहीत. आता त्यांच्याकडे गर्दी दुप्पट आहे, विलासची गोष्ट ते स्वतः रंगवून सांगतात.

योगायोग म्हणा. मीही बरेच दिवस म्हणत होतो. पण मी त्या वेळेकडे बघितलंच नसतं तर? ती रडत घरी गेली असती, तो कळमनुरीत झोपून राहिला असता, संध्याकाळी ऊन उतरल्यावर आला असता. की तरीही...? हा हिशोब कसाही मांडला तरी कुठेतरी तुटतो.

पारुबाई मला पावसाळ्यात भेटली, शिरडच्याच स्टँडवर. मी ओळख चुकवून जाणार होतो, तिनंच हाक मारली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"दादा, म्हाराजानं मेला म्हणलं तवा माझं लेकरू जितं व्हतं. तुमी जितं हाय म्हणलं, अन् गेलं. मंग दोघातलं खोटं कोण बोललं?"

"मावशी, मला खरंच माहीत नाही," मी म्हणालो.

"माहीत न्हाई, मंग शप्पथ काहून घेतली?"

तिची गाडी लागली, ती चढून गेली.