चंद्रीला स्टुलाची सवय

“मॅडम, बाबाचे गुडघे सुधरत नसतीन तं मी म्हैस इकतो. बास झालं आता,” माझ्या मालेगावच्या क्लिनिकमध्ये गजानन तावातावानं बोलत होता. शेजारी त्याचे वडील, केनवडचे रामभाऊकाका, गुडघा चोळत बसले होते. चंद्री म्हैस वगार, म्हणजे लहान पारडी, असल्यापासून काकांनी वाढवलेली. त्यांच्याशिवाय ती कोणाला धार काढू देत नव्हती.

मी फिजिओथेरपिस्ट. काकांच्या गुडघ्याची झीज झाली होती, पण ऑपरेशनची वेळ आलेली नव्हती. मांडीच्या पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, बळकट झाला की गुडघ्यावरचा बराच भार तो पेलतो. काका व्यायाम मन लावून करायचे, तरी दर वेळी गुडघा सुजलेलाच. मला रागच यायचा. माझा उपचार फसतो म्हणजे काय!

“काका, धार कशी काढता?”

“उकिडवा बसून. बादली मांड्यांत.”

“मी स्टूल घ्या म्हटलं होतं ना?”

“मी घेतो हो. चंद्री घेत नाही. लाथ घालते.”

मी थेट त्यांच्या गोठ्यात गेले. उकिडवं बसलं की गुडघा पूर्ण दुमडतो आणि झिजलेल्या सांध्यावर फार दाब येतो. काकांचं सकाळ-संध्याकाळ तेच चाललं होतं. त्यांनी माझ्यासमोर स्टूल ठेवलं, तशी चंद्री बिथरली आणि बादली उडाली.

“पाह्यलं? गिऱ्हाइकाले फोन लावतो,” गजानन म्हणाला. काकांचे डोळे भरून आले.

“ठेव तो फोन,” मी म्हणाले. “इथं पेशंट दोन आहेत.”

चंद्रीची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, आता स्टुलावरच्या घमेल्यात ठेवायची, असं मी ठरवून दिलं. स्टूल दिसलं की ती आपणहून तोंड पुढे करू लागली. मग ते रोज थोडं थोडं कासेकडे सरकवलं. आधी ओळख, मग भार. दुखऱ्या सांध्यालाही मी अशीच सवय लावते. तिकडे काका खुर्चीवरून हात न टेकता उठायचा सराव करत होते.

काही आठवड्यांत काका स्टुलावर बसून धार काढू लागले. झीज भरून येत नाही, पण सूज उतरली. गजाननानं आधी बोलून ठेवलेलं म्हशीचं गिऱ्हाईक आलं, तेव्हा काकांनी त्याला चंद्रीच्याच दुधाचा चहा पाजला आणि वाटेला लावलं.

हल्ली नवा पेशंट आला की व्यायाम सांगण्याआधी मी विचारते, घरात सगळ्यात हट्टी कोण? उपचार तिथूनच सुरू करावा लागतो.