खिडकीला बांधलेलं जाळं

दर वर्षी पावसाळा निम्मा सरला की आमच्या घरात हॉकीच्या गोलचं जाळं येतं. गोणीत कोंबून येतं, त्याला मैदानातल्या मातीचा वास असतो, आणि चार जिने चढवून ते वर आणायचं काम माझं. ठाकुर्लीतल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. ती कित्येक वर्षं रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, त्यामुळे तिला कोणी साधा खिळाही ठोकत नाही, लिफ्टचं तर नावच नको. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वर्षी ‘यंदा नक्की’ म्हणतात. आमच्या टीमबद्दल बाबाही तेच म्हणतात. या दोन ‘यंदा नक्की’च्या मध्ये मी राहते.

टीम म्हणजे काय, तर कल्याणच्या मैदानावर खेळणारी अकरा माणसं. बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या दोस्तांनी ती काढली. आता तिच्यात कारखान्यातलं कोणी उरलेलं नाही, पण पायरीवर बसून बघणारे सात-आठ म्हातारे तेच आहेत. टीम लीगच्या खालच्या गटात आहे आणि वरच्या गटात जाणार आहे. माझं लग्न ठरलं, झालं, मोडलं, मी परत माहेरी आले, नोकरीत दोनदा बढती झाली, टीम तिथेच. पण पाऊस ओसरून सीझन जवळ आला की या म्हाताऱ्यांचे फोन सुरू होतात. यंदा फॉरवर्ड लाइन चांगली आहे म्हणे. हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय.

जाळं मात्र बाबांच्या हातचं. खाडीवरच्या एका कोळ्याकडून ते जाळं विणायला शिकलेले, लाकडी सुई आणि मापाची पट्टी घेऊन. पावसाळ्यात फाटलेलं जाळं घरी आणायचं, दुरुस्त करायचं आणि पहिल्या मॅचला ते नव्यासारखं गोलवर चढवायचं, हा टीमचा रिवाज. पूर्वी बाबा स्वतः जाऊन ते खांबांना बांधायचे. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडले, खुबा मोडला, आणि तेव्हापासून ते फक्त दोनदा खाली उतरलेत. दोन्ही वेळा खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं, दोन्ही वेळा हॉस्पिटलला. मैदानावर आता त्यांचं काही जात असेल तर ते जाळं.

माझा भाऊ कोपरीला राहतो, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. ‘इकडे आणून सोड की त्यांना’ असं तो फोनवर म्हणतो. ‘मी येऊन नेतो’ असं अजून एकदाही म्हटलेलं नाही. मी सकाळी ठाण्याच्या ऑफिसला जाते, संध्याकाळी येते, मधल्या वेळात शेजारच्या वहिनी बाबांना जेवायला वाढतात. कुठे जायचं म्हटलं तर जाता येत नाही, घर विकायचं म्हटलं तर विकता येत नाही. खोटं कशाला बोलू, कधीकधी जिना चढताना मला इतका राग येतो की तिसऱ्या मजल्यावर उभं राहून मी तो गिळते आणि मग बेल दाबते.

या वर्षी त्यात कप्तानाचा फोन आला. मी ऑफिसात होते. ‘ताई, एक दुकानवाला आपल्याला नवीन जाळं देतोय,’ तो म्हणाला. ‘मी म्हटलं, पहिली मॅच आजोबांच्या जाळ्यावर करू. पण काही लोचा झाला ना, तर पुढच्या मॅचपासून नवीनच लावायला लागेल. आजोबांना तुम्हीच सांगा.’

मी सांगितलं नाही. काय सांगणार, की आता तुमचं तेवढंही जाणार? रोज संध्याकाळी घरी यायचे तेव्हा बाबा खिडकीपाशी बसलेले असायचे, जाळं ग्रिलवर ताणून टांगलेलं, मांडीवर नायलॉनची दोरी. ‘किती राहिलं?’ मी विचारायचे. ‘होतंय,’ ते म्हणायचे. मी पोळ्या करायला आत जायचे. जवळ जाऊन एकदाही बघितलं नाही. इतक्या वर्षांत बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

मॅच रविवारी सकाळी होती. आदल्या दिवशी दुपारी कप्तान जाळं न्यायला आला. मी ग्रिलवरून ते उतरवायला गेले तर येईना. एक कोपरा सुटला, दुसरा सुटेना. वाटलं कुठे गंजात अडकलं असेल. डोळे जवळ नेऊन बघितलं. बाबांनी जाळं ग्रिललाच विणून टाकलेलं. दोरीचा पीळ कुठला आणि ग्रिलची सळई कुठली, हे त्यांना दिसलंच नव्हतं. गाठी मात्र काय सुंदर, एकसारख्या, मापात. जाळं आणि खिडकी असं सगळं एकच झालेलं.

‘तुम्ही खाली चहा घेऊन या, मी बांधून ठेवते,’ असं सांगून मी कप्तानाला घालवलं आणि स्वयंपाकघरातली कात्री आणली.

‘काय करतेस?’ बाबांनी विचारलं.

‘काही नाही, ग्रिल गंजलंय, त्यात अडकलंय.’

मी कापत सुटले. सळईभोवतीचं काय आणि जाळ्यातलं काय हे बघायला धीर नव्हता. राग बाबांचा नव्हता. माझाच होता, की महिनाभर रोज ‘किती राहिलं’ विचारलं आणि वळून बघितलं नाही. बाबांनी हात लांब केला आणि सळईवर उरलेल्या एका गाठीवरून बोटं फिरवली. एकदा, दोनदा. मग हात मांडीवर ठेवला.

‘माझे डोळे गेले का गं?’ ते म्हणाले.

‘अंधार असतो बाबा या खिडकीत,’ मी म्हटलं. दुपारचे चार वाजलेले, लख्ख ऊन होतं.

कप्तान गोणी घेऊन गेला. मी रात्रभर तळमळत होते असं नाही, झोप लागली, पण सकाळी उठल्या उठल्या ठरवलं की मैदानावर जायचं. एरवी मी जात नाही. वहिनींना बाबांजवळ बसवलं, रिक्षा केली आणि पायरीवर म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्यासाठी रुमालाने पायरी पुसली. ‘पोरगी आली, म्हणजे यंदा शकुन चांगला,’ एक जण म्हणाला. एकाच्या कानाला मशीन, एकाचा बायपास झालेला, आणि सगळे नवीन कपडे घालून आलेले. मैदानावर ताज्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. बाबांचं जाळं लांबून तरी नीट दिसत होतं.

पहिला हाफ तसाच गेला. बाजू बदलल्यावर आमचं जाळं समोरच्या टीमच्या मागे आलं. आणि मग आमचा एक खेळाडू उजवीकडून सुटला, दोघांना चुकवलं, गोलकीपर पुढे आला तसा त्याच्या अंगावरून चेंडू उचलून मारला. खांबाच्या आतून गेला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. सगळे म्हातारे एकदम उभे राहिले. आणि चेंडू जाळ्याच्या बाजूने बाहेर पडून कुंपणाकडे घरंगळत गेला.

पंचाला तो जाळ्याच्या बाहेर दिसला. समोरच्यांनीही हात वर करून बाहेर, बाहेर केलं. झालं, पंचाने गोल दिला नाही.

मी काय करतेय हे कळायच्या आत मी मैदानात होते. साडी नेसलेली पन्नाशीची बाई फक्कीची रेघ ओलांडून धावतेय, लोक बघतच राहिले असणार. ‘जाळ्याला भोक आहे,’ मी पंचाला म्हटलं. ‘भोक मी पाडलंय. कात्रीने. काल. चेंडू आत गेला होता.’

‘मॅडम, बाहेर व्हा,’ तो म्हणाला. कप्तानाने माझा दंड धरून मला परत आणलं.

मॅच शून्य-शून्य सुटली. सगळे पांगल्यावर कप्तान जाळ्याजवळ उभा होता, भोकात मूठ घालून. अख्खी मूठ जात होती.

‘ताई, वाईट वाटून घेऊ नका. आता नवीन लावायलाच लागेल.’

‘कात्री माझी होती. त्यांची गाठ एकही सुटलेली नाही, बघा.’

‘आजोबांना दिसतं का?’

दोन वर्षं मी वाट बघत होते की काहीतरी सुटावं. ऑफिस, जिना, बाबा, काहीही. आणि इथे एक गोष्ट आपणहून सुटत होती. हो म्हटलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात गोणी वर चढवायचीही गरज नव्हती.

‘नाही दिसत,’ मी म्हटलं. ‘पण पुढच्या रविवारपर्यंत द्या. मी बघेन शेजारी बसून.’

त्याने एकदा पायरीकडे बघितलं. म्हातारे तिथे अजून वाद घालत होते की असा गोल मारणारा पोरगा असल्यावर यंदा वरच्या गटात कोण अडवतंय. ‘एकच रविवार हां ताई,’ तो म्हणाला आणि जाळं सोडायला लागला.

गोणी घेऊन मी चार जिने चढले. तिसऱ्या मजल्यावर थांबले नाही. बाबा दाराकडे तोंड करून बसलेले. मी सगळं सांगून टाकलं. ग्रिल, गाठी, कात्री, भोक, पंच. गंजाचं खोटं बोलले होते तेही सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला, कारण रडू येत होतं.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे गोल झाला.’

‘दिला नाही बाबा.’

‘दिला नाही ते ठीक आहे. झाला ना? पहिल्याच मॅचला? कोणी मारला, नवीन पोराने?’ त्यांचा चेहरा असा उजळलेला मी खुबा मोडल्यापासून बघितला नव्हता. ‘मी म्हटलेलं तुला. फॉरवर्ड लाइन आहे यंदा.’

मी कपाळाला हात लावला. या माणसापुढे माझं काही चालत नाही.

जेवणं झाल्यावर त्यांनी सुई मागितली. मी जाळं ग्रिलला टांगायला गेले. ‘खिडकीला नको,’ ते म्हणाले. ‘तू धर.’

तेव्हापासून मी स्टुलावर बसलेले, दोन्ही हात लांब करून, जाळं मनगटांवर ताणून. ते बोटांनी भोकाची कड शोधत होते, मी ‘डावीकडे, अजून थोडं, हां’ सांगत होते. खांदे भरून आले. चहा ठेवायचा होता, कपडे वाळत होते, सोमवारची तयारी पडलेली. उठता येत नव्हतं.

‘पुढच्या रविवारी कोणाशी आहे?’ मी विचारलं.

विचारलं आणि माझ्याच लक्षात आलं की मी हे आयुष्यात पहिल्यांदा विचारतेय. बाबांनी टीमचं नाव सांगितलं. ‘त्यांचा डिफेन्स कच्चा आहे,’ ते म्हणाले आणि दोरी ओढली.

दोरीबरोबर माझा हात ओढला गेला. खाली बघितलं तर त्यांनी आत्ताची गाठ माझ्या बांगडीला मारलेली. नेटकी, घट्ट, मापात. कात्री समोर टेबलावर होती.

‘बसली का नीट?’ त्यांनी विचारलं.

‘बसली,’ मी म्हटलं. ‘पुढची मारा.’